उंच केलेली गाडी

नवतपा लागला की आमचं घर सकाळी नऊ वाजताच डोळे मिटून घेतं. खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात, पुढच्या खोलीतला कूलर घुमायला लागतो आणि वाळ्याच्या ओल्या वासात आम्ही सगळे संध्याकाळपर्यंत कोंडून बसतो. सूर्य रोहिणीत शिरल्यानंतरचे हे पहिले नऊ दिवस. रायपूरमध्ये या नऊ दिवसांत कोणी कामाशिवाय बाहेर पडत नाही, आणि पडलंच तर खिशात कांदा ठेवून पडतं. बाबा म्हणायचे, "नवतपा पुरा तपला पाहिजे. मधातच गळला, तर समज यंदाचा पाऊस गेला." त्यामुळे या दिवसांत लोक ढगाला भितात. मी पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीला भितो. त्या खुर्चीत माझी थोरली बहीण, कुमुदताई, मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत बसलेली असते.

वीस-बावीस वर्षं ती त्या खुर्चीत बसली आहे, आणि ती तिथं बसली याला कारण मी आहे. यातलं अर्धं तिला तेव्हाच माहीत झालं होतं. उरलेलं अर्धं मी परवापर्यंत सांगितलं नव्हतं.

ताईचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. लोखंडी पट्ट्यांचा बूट, हातात काठी, आणि चालताना डाव्या खांद्याला येणारा एक हेलकावा. मला आठवतं तेव्हापासून ती अशीच आहे, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की सगळ्या थोरल्या बहिणी अशाच चालतात. गणितात तिनं एम.एस्सी. केलं आणि अभनपूरच्या शाळेत नोकरी धरली. रायपूरहून अभनपूर म्हणजे तास-पाऊण तासाचा रस्ता. रस्त्याच्या कडेनं छोट्या लाईनची गाडी धावायची, पण तिच्या वेळा शाळेला जुळत नव्हत्या. बसची पायरी उंच, आणि कंडक्टर दंड धरून वर ओढायचा. ते ताईला सहन व्हायचं नाही.

बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनी सरकारी लिलावातून एक जुनी जीप आणली. बाबांची आवड साधी होती: गाडीवर जे चमकतं, खुळखुळतं किंवा नुसतंच दिसतं, ते काढून टाकायचं. त्यांनी जीपला करडा रंग दिला, वर जाड ताडपत्रीचा हूड चढवला आणि डाव्या बाजूला दोन गोष्टी लावल्या. एक म्हणजे उभा लोखंडी दांडा, गार्डाच्या डब्याला चढायला असतो तसा. दुसरी, ठिपक्यांच्या जाड पत्र्याची रुंद पायरी, बरोबर ताईच्या पायाच्या मापाची. पाय टाकताना दिसावी म्हणून ती रेल्वेच्या पिवळ्या रंगानं रंगवलेली. दिसायला ती जीप अगदी ओबडधोबड होती. पण ताई उजव्या हातानं दांडा धरायची, उजवा पाय पायरीवर टाकायची, एक झोका घ्यायची आणि सीटवर असायची. घरातून निघून वर्गात पोचेपर्यंत तिला कोणाचा हात लागत नसे. तिची सारी दुनिया त्या पिवळ्या पत्र्यावर टेकलेली होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं.

मग वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. शंकर नगरातली आमच्यासारख्यांची घरं एकेक करून ऑफिसं झाली. ज्या अंगणात पापड वाळायचे तिथं संचालनालयाची पाटी आली, आणि पाटीवरचा रंग वाळायच्या आत तिथलं खातं दुसरीकडे गेलं. मी घराच्या पुढच्या भागात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं होतं. नव्या राजधानीत सगळ्यात जास्त काय लागत असेल तर टाइप केलेला कागद. निविदा, शपथपत्रं, अर्ज. ठेकेदार माझ्याकडे यायचे आणि त्यांच्या गाड्या दारात ओळीनं उभ्या राहायच्या.

त्या गाड्या मी अजून डोळे मिटून सांगू शकतो. त्या दिवसांत जीप म्हणजे माणसाचा चेहरा होता, आणि प्रत्येकाला आपला चेहरा वेगळा हवा होता. बंटी भैया म्हणून एका ठेकेदाराचा मुलगा होता. त्याच्या जीपवर चकाकणाऱ्या पाइपांचं जंगल होतं, टपावर दहा दिवे, आत बिबट्याच्या ठिपक्यांची सीट कव्हरं, आणि भोंगा दाबला की लग्नातली सनई. ताईनं पडदा सरकवून पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला हाक मारून म्हणाली, "विनू, हे गाडी आहे का वरातीचा घोडा? नवरदेव कुठी आहे याचा?"

दुसरा पंथ रेतीवाल्यांचा. हे लोक दर रविवारी महानदीच्या पात्रात गाड्या घालायचे. त्यांना चकाकी म्हणजे बायकी वाटायची. त्यांच्या जिपांना दारं नव्हती, टप नव्हता, टायर ट्रॅक्टरसारखे, आणि रविवारचा चिखल बुधवारपर्यंत धुवायचा नाही असा नेम. दोन्ही पंथ माझ्या दुकानात चहा पीत भांडायचे. बंपर पाइपचा की चॅनलचा, स्प्रिंगच्या कमानीला पट्टे वाढवायचे की खाली ठोकळे द्यायचे, हूड कापडाचा की पत्र्याचा. देवाधर्मावर माणसं जितकी तापत नाहीत तितकी ती तापायची. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. गाडी उंच पाहिजे. जमिनीपासून जितकी वर, तितका तिच्यात बसलेला माणूस वर.

आमच्या जीपला ते अँब्युलन्स म्हणायचे. एकदा बंटी भैया चहाचा कप हातात घेऊन तिच्याभोवती फिरला, पायरीपाशी थांबला आणि म्हणाला, "विनायक भाई, ये पायदान है कि मंदिर की सीढ़ी? चप्पल उतार के चढ़ना पड़ता होगा." सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं, आणि पडद्यामागे पाच हातांवर ताई बसली होती.

तोवर बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि जीपची किल्ली माझ्याकडे आली होती. किल्लीसोबत ताईही आली. सकाळी सातला तिला घेऊन अभनपूर, परत येऊन दुकान, बाराला दुकान बंद करून पुन्हा अभनपूर. रस्ता सुंदर होता. आषाढात दोन्ही बाजूंनी धानाची रोपं, कार्तिकात पिकलेल्या धानाचा तो भाजलेला गोड वास, फागुनात पळसाचे निखारे. ताई सगळं पाहत बोलत असायची. मी घड्याळ पाहत असायचो. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मला वाटायचं, मी या गाडीचा मालक नाही, तिचं वेळापत्रक आहे. दोन टोकांच्या मध्ये अडकलेली शटल. रविवारी रेतीवाले घरावरून जायचे तेव्हा एंजिनांचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ऐकत राहायचो.

म्हणून मी शाळेची उन्हाळी सुट्टी निवडली. ताईला गाडी लागत नाही तेवढ्यात काम उरकून घेऊ, असं घरात सांगितलं. काय काम, ते सांगितलं नाही. "जरा कमानी पाहून घेतो," एवढंच.

गुढियारीत मालधक्क्याच्या मागे दुकालू मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. नवतप्यात त्या शेडमध्ये उभं राहणं म्हणजे भाकरीसारखं तव्यावर उभं राहणं. पाना उन्हात पडला तर हाताला फोड यायचा. दुकालू दुष्काळात जन्मला म्हणून हे नाव. तो अकरा वाजता हातातलं काम ठेवून पितळी वाडग्यातली बासी खायला बसायचा; रात्रीचा पाण्यात भिजलेला भात, कांदा आणि हिरवी मिरची. मलाही द्यायचा. "खा भैया, पेट ठंडा तो दिमाग ठंडा." त्याचीही एक आवड होती, ती या दोन्ही पंथांत बसत नव्हती. जे काम दिसत नाही ते त्याला आवडायचं. जोड कुठं आहे ते कळू नये असं वेल्डिंग, आवाज न करणारी कमान. बंटी भैयाची गाडी त्यानंच केली होती, आणि तिच्याबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "हव, बने हे," म्हणजे हो, चांगली आहे, आणि दुसरीकडे बघायचा.

मी त्याला सांगितलं: सहा इंच उचल, मोठे टायर बसव, पायरी काप. रेतीत पायरी अडकते.

दुकालू पायरीपाशी उकिडवा बसला. तिच्यावरून अंगठा फिरवला. बाबांनी ती रेल्वेच्या फिटरकडून जोडून घेतली होती आणि जोड खरंच दिसत नव्हता. "दीदी कइसे चढ़ही?" त्यानं विचारलं.

"देख लेंगे," मी म्हणालो.

ठिणग्या उडाल्या आणि पायरी खाली पडली. पत्रा जमिनीवर आपटल्यावर कितीतरी वेळ थरथरत राहिला.

या लेखात मी आतापर्यंत जे सांगितलं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. आता जे सांगतो ते नव्हतं.

नवतप्याच्या पाचव्या दिवशी दुपारी चारला मी शेडवर गेलो तर दुकालू हसत होता. तो सहसा हसत नसे. म्हणाला, "दीदी आय रिहिस, भैया." मला वाटलं कोणी दुसरी दीदी. पण नाही. भर बारा वाजता, ज्या उन्हात कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात त्या उन्हात, कुमुदताई सायकल रिक्षा करून एकटी गुढियारीला आली होती. पर्समधून तिनं कांदा काढून बाजूला ठेवला आणि एक कागद काढला. आलेखाच्या वहीतलं पान. त्यावर पेन्सिलीनं, पट्टी लावून, तिनं एक आकृती काढली होती. जीपचा गिअरचा दांडा, आणि त्याला मोटारसायकलच्या क्लचसारखी एक पट्टी. पट्टीपासून तार, तार खाली क्लचपर्यंत. बाजूला मापं. तिचा प्रश्न साधा होता: डाव्या पायाचं काम डाव्या हाताला देता येईल का? उजवा पाय तर चांगलाच आहे.

ती गाडी तिला चालवायची होती. कधीपासून, कोण जाणे. सहा वर्षं डाव्या सीटवर बसून ती बाबांचे, मग माझे पाय पाहत आली असेल. मला तिनं विचारलं नव्हतं. आधी होतं की नाही ते पक्कं करून मग घरात सांगायचं, हा तिचा स्वभाव. उत्तर पडताळल्याशिवाय ती फळ्यावर लिहीत नसे.

दुकालूला त्या कागदानं वेड लावलं होतं. त्याच्या शेडमध्ये रोज माणसं यायची, दिवे मागायची, भोंगे मागायची, बिबटे मागायची. पहिल्यांदाच कोणीतरी गाडीत असं काही मागितलं होतं, जे त्याला स्वतःला करावंसं वाटत होतं. "बन जाही भैया. दीदी ह बने निकाले हे. बस, तार ल खाल्हे ले लाने बर परही." ताईनं बरोबर काढलं होतं, तार फक्त खालच्या बाजूनं आणावी लागणार होती.

मी म्हणालो, "उनको बोल देना, नहीं बनेगा."

"बनथे तो."

"इस गाड़ी में नहीं बनेगा. बस."

तो म्हणाला, "मोर ले लबारी बोलवाहू, भैया?" छत्तीसगढीत लबारी म्हणजे खोटं. माझ्याकडून खोटं बोलवून घ्याल का, असं तो विचारत होता.  मी त्याच्या हातातला कागद घेतला, घडी केली आणि खिशात घातला. पुढं तो दुकानात कार्बन पेपरच्या खोक्यात काही दिवस होता, नंतर कुठं गेला ते मला माहीत नाही.

हे मी का केलं, याचं उत्तर मी इतक्या वर्षांत इतक्या प्रकारे दिलं आहे की त्यातलं खरं वेगळं काढायला मला वेळ लागला. आधी मी म्हणायचो, तिच्या काळजीनं. रस्ता वाईट, ट्रक फार. ते खोटं होतं. मग म्हणायचो, मित्रांच्या लाजेनं. गिअरला पट्टी लटकलेली गाडी घेऊन रेतीत गेलो असतो तर बंटी भैयानं काय काय म्हटलं असतं. हे थोडं खरं होतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ताई चालवायला लागली असती तर गाडी पुन्हा खाली आणावी लागली असती, पायरी पुन्हा जोडावी लागली असती, आणि गाडी तिची झाली असती. ज्या दोन फेऱ्यांनी मी गुदमरत होतो त्या दोन्ही तिनं स्वतःहून काढून घेतल्या असत्या. मी मोकळा झालो असतो. तरीही मी नाही म्हणालो. कैद्याला दार उघडून दिलं आणि त्यानं ते आतून लावून घेतलं, दुसऱ्या कोणाला बाहेर जाता येऊ नये म्हणून.

आठव्या दिवशी संध्याकाळी दुकालू स्वतः गाडी घेऊन घरी आला. ताई फाटकाशी काठी टेकून उभी होती. बाबा ओट्यावरून उतरून आले, आणि दिसत नव्हतं म्हणून हातानं गाडी पाहायला लागले. त्यांचा तळवा बोनेटवरून सरकत डाव्या बाजूला आला, खाली गेला, आणि जिथं पायरी असायची तिथं हवेत फिरत राहिला.

"पायरी कुठी गेली?"

"लावतो बाबा. आता घडीची येते, ती लावतो."

ताईनं एकदा जिथं पायरी नव्हती तिथं पाहिलं आणि मग पूर्ण गाडी पाहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. म्हणाली, "दिसाले झकास झाली, विनू. खोटं काहून बोलू. हूड निळा घेतला असता तं अजून चांगली दिसली असती." तिला तिची आवड तोवर कोणी विचारली नव्हती, बाबांनीही नाही. आम्ही दोघंही तिच्यासाठी, किंवा तिच्याविरुद्ध, गाडी करत राहिलो. तिला निळा आवडतो हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मग ती दुकालूकडे वळली. "भैया, मैंने जो पूछा था, उसका क्या हुआ?"

दुकालूनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाला, "नइ बने, दीदी. ए गाड़ी म नइ बइठय."

"बिलकुल नहीं?"

"नइ बइठय."

"ठीक है," ताई म्हणाली. "आपने देख तो लिया. इतना कौन करता है." आणि त्याच्यासाठी आतून पाणी मागवलं. तो पाणी न पिता गेला. रायपुरात नवतप्यात कोणी दिलेलं पाणी नाकारत नाही.

शाळा उघडली त्या सकाळी मी जीपपाशी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. ताईनं त्यावर पाय ठेवला, स्टूल हललं, ती थांबली. समोर पानठेल्यावर चार माणसं उभी होती. मी म्हणालो, "मी उचलतो ना." ती काही बोलली नाही, म्हणून मी तिला उचललं. ती हलकी होती. छत्तीस वर्षांची, एम.एस्सी., दोनशे मुलांना बीजगणित शिकवणारी बाई, आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला. अभनपूरला शाळेच्या दारात मुली रांगेत उभ्या होत्या. मी तिला उतरवलं. मुली हसल्या नाहीत. त्यांनी माना दुसरीकडे वळवल्या, आणि ते ताईनं पाहिलं.

परतताना ती म्हणाली, "उद्यापासून मी बसनं जाईन."

ती सतरा-अठरा दिवस बसनं गेली. एके दिवशी पावसात पायरीवरून घसरली. लागलं काही नाही, वह्या तेवढ्या चिखलात गेल्या. घरी येऊन तिनं त्या वह्या एकेक पुसल्या, चुलीजवळ वाळवल्या, उरलेल्या तपासल्या, आणि मग माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "एक अर्ज टाइप करून दे." तिचा राजीनामा मीच टाइप केला. त्यात एक चूक झाली म्हणून दुसऱ्यांदा केला. बाबांनी त्या पावसाळ्यात अंथरूण धरलं होतं, तिथूनच ते सांगत राहिले, "विनू, गाडी खाली कर बेटा." मी म्हणत राहिलो, पुढच्या महिन्यात. दुसऱ्या हिवाळ्यात बाबा गेले, आणि मग सांगणारं कोणी राहिलं नाही.

मी रेतीत गेलो. तेही लिहिलं पाहिजे. पहिल्या रविवारी महानदीच्या पात्रात त्या उंच सीटवर बसलो तेव्हा नदीचा दुसरा काठ, तिथली टरबुजाची वाडी, गुडघाभर पाण्यातल्या म्हशी, सगळं एका नजरेत आलं. बंटी भैया म्हणाला, "अब लगी गाड़ी." मला खूप आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता, हीच अडचण आहे. एकूण पाच-सहा रविवार गेलो असेन. मग कंटाळलो. दोन वर्षांनी गाडी विकली.

ताईनं घरी शिकवण्या सुरू केल्या. मुलं येतात, जातात. आता पहिल्या मुलांची मुलं येतात. ती मराठीत विचारते, मुलं हिंदीत उत्तर देतात. ताई बाहेर जाते, पण आम्ही जातो तेव्हा, आम्ही जातो तिथं. काही वर्षांपूर्वी घरात गाडी घ्यायची ठरली. बायको म्हणाली, क्लच नसलेली घेऊ या, आता तशाच येतात. मी गिअरचीच घेतली. कारण सांगितलं की तिला तेल कमी लागतं. खरं कारण हे की तशी गाडी दारात उभी राहिली असती तर ताईनं तिच्याकडे पाहिलं असतं, आणि मग तिला ती आकृती आठवली असती. एका खोट्याला झाकायला मी तिला दुसऱ्यांदा कोंडलं. बायकोला अजून वाटतं की मला ॲव्हरेजची फार काळजी आहे.

दुकालू मागच्या हिवाळ्यात गेला. मधल्या वर्षांत कधी भेटला तर एवढंच विचारायचा, "दीदी बने हे?" मी म्हणायचो, हव. त्याच्या घरच्या माणसांना भेटून घरी येताना माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट माहीत असलेला आता मी एकटाच उरलो. मी चांगला माणूस झालो म्हणून सांगितलं असं नाही. एकट्याला ती पेलवेना.

परवा, पुन्हा नवतप्याचा पाचवा दिवस, दुपारी वीज गेली. कूलर थांबला आणि घरात एवढी शांतता झाली की ताईच्या लाल पेनाचा आवाज ऐकू यायला लागला. रस्त्यावरून शेजाऱ्यांची नवी गाडी गेली, छातीइतक्या उंचीची. ताई वहीतून डोकं न काढता म्हणाली, "अजून एक शिडी लागणारी आणली त्यायनं."

मी म्हणालो, "ताई, तुले एक सांगायचं आहे."

सगळं सांगितलं. दुकालू, कागद, नहीं बनेगा, लबारी. सांगताना माझा आवाज माझ्याच कानाला निविदा वाचल्यासारखा येत होता. ताईनं पेनाचं टोपण लावलं. चष्मा काढला. ती रागावेल, रडेल, उठून आत जाईल, असं सगळं मी वर्षानुवर्षं मनात करून पाहिलं होतं. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं विचारलं, "दुकालूनं कागद नीट पाह्यला होता?"

"हो."

"काय म्हणला?"

"म्हणाला, दीदीनं बरोबर काढलं. तार तेवढी खालून आणावी लागन."

"खालून," ताई म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि उघडले. मला दिसत होतं, ती तार कुठून कुठं जाते ते बघत होती. "बरोबर. वरून घेतली असती तं गिअर टाकताना ताणली असती. ते सुचलं नाही मले." मग थोड्या वेळानं, "म्हणजे माझं बाकी बरोबरच होतं."

"हो, ताई."

"एवढे वर्षं मी समजत होती, माझंच कुठी चुकलं. किती येळा काढून पाह्यलं मी ते नंतर."

मला वाटलं आता मी काहीतरी म्हणायला हवं. माफी हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. पण तो तिला देण्यासाठी नव्हता, तिच्याकडून काहीतरी घेण्यासाठी होता, हे मला दिसलं आणि मी तो गिळला.

"काहून केलं रे?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. मुलाचं उत्तर चुकलं की ती जसं विचारते, कोणत्या पायरीला चुकलं ते शोधायला, तसं.

"गाडी तुझी झाली असती म्हणून."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं असावं. निदान गणित जुळलं असावं.

"किती दिवस लागले असते त्याले?"

हे तिनं विचारू नये असं मला फार वाटत होतं. "दोन," मी म्हणालो.

ताई बंद खिडकीकडे पाहत राहिली. बोटं मोजली नाहीत, तिला गरज नव्हती.

"गाडी घरी आली तेव्हा शाळा उघडाले चौदा दिवस होते," ती म्हणाली.

मग तिनं चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं, आणि पुढची वही उघडली. मी समोरच बसून होतो. उठून जावं की बसून राहावं, ते तिनं सांगितलं नाही, आणि तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.